फळ्यावरचं सोनं

माझ्या नवऱ्यावर संशय घ्यायचा हक्क लग्नापासून माझा एकटीचा आहे आणि तो मी इमानेइतबारे बजावत आले आहे. हे घरी उशिरा आले तर मी विचारते, लवकर आले तर जरा जास्तच विचारते. त्यामुळे माझी नणंद आमच्या दुकानात येऊन, काचेच्या कपाटावर हात आपटून ह्यांना "तू चोर आहेस" म्हणाली, तेव्हा मला पहिला राग आला तो परक्या माणसाने माझ्या कामात लुडबूड केली म्हणून. खरा राग त्यानंतर आला. तो अजून गेलेला नाही.

आमचं सोन्याचांदीचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे भट्टी, वर घर. हे कारागीर चांगले, बोलायला मात्र पैसे पडतात असं वाटावं इतके मुके. त्यांची थोरली बहीण, ताई, देशाच्या मुख्य बँकेत सोन्याच्या विभागात. भाऊ सोनार आणि बहीणही सोन्यातच, असं लोक कौतुकाने म्हणायचे. पण ताईंनी नोकरीच्या इतक्या वर्षांत देशाच्या सोन्याची एक वीटही डोळ्यांनी पाहिलेली नाही. सोनं तळघरात आणि ताई तिसऱ्या मजल्यावर. सोन्याची किंमत कागदावर मांडायची आणि दर शुक्रवारी संध्याकाळी खाली हॉलमधल्या फळ्यावर लावून घ्यायची, एवढंच त्यांचं काम.

तो फळा पाहण्यासारखा आहे. देशाकडे काय आहे ते देशाला दिसावं म्हणून कुणा जुन्या गव्हर्नराने तो भिंतीवर बसवला. शिसवी लाकूड, त्यात ओळीने पितळी खुंट्या, आणि खुंट्यांवर टांगलेले पितळी आकडे. कुणीही रस्त्यावरून आत यावं, मान वर करून वाचावं, निघून जावं. परकी चलनं, कर्ज, नोटा यांचे आकडे दर शुक्रवारी बदलायचे. सोन्याची ओळ मात्र आमच्या लग्नाच्या आधीपासून तीच. शिपाई ते आकडे उतरवायचा, पुसायचा आणि परत होते तिथेच टांगायचा.

"असं कसं?" मी एकदा ताईंना विचारलं होतं. "आमच्या दुकानात भाव रोज वर जातो आणि तुमच्याकडे ढिम्म?"

"आम्ही ते ज्या भावाने घेतलं त्याच भावाने मांडतो. तसा कायदा आहे," ताई म्हणाल्या.

"म्हणजे आजोबांच्या काळचा भाव?"

"पणजोबांच्या."

ह्यांनी भट्टीवरून मान वर केली. "ताई, मग त्या भावाने मला एक वीट दे की. रोख देतो."

ताई हसल्या नाहीत. बँकेच्या कामावर त्या हसत नाहीत. "वजन खरं असतं," त्या म्हणाल्या. "किंमत म्हणजे आपण त्याच्यापुढे काय लिहू ते. रोज बदलणारी गोष्ट भिंतीवर लावली की माणसं रोज घाबरतात."

ताई अशाच. ऑफिसमधल्या गोष्टीचा ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. शुक्रवारी काम लांबतं आणि त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून त्या रात्री त्या आमच्याकडे मुक्कामाला असायच्या. कामाची बॅग उशाखाली. "आज दमलात?" असं विचारलं तरी उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबायच्या, दमण्यातून सरकारी काही बाहेर पडत तर नाही ना ते तपासून. आणि टापटीप तर अशी की आमच्या घरातल्या तसबिरीसुद्धा येता-जाता सरळ करायच्या. स्वतःच्या घरी वाकडं काही ठेवायची मला सवय होती असं नव्हे, पण त्या आल्या की मला सगळंच वाकडं दिसायला लागायचं.

मग एका सोमवारी सरकारने जाहीर केलं की देशाचं सोनं इथून पुढे बाजारभावाने मांडलं जाईल. कायदा बदलला. तळघरातली एक वीटही हलली नाही आणि देश सकाळी उठला तो आदल्या दिवसापेक्षा कितीतरी पट श्रीमंत. रेडिओवर एक मंत्री इतका खूश होता, जणू ते सोनं त्यानेच खणून काढलं. पण लोक काही दूधखुळे नाहीत. कागदावर एवढा पैसा दिसायला लागल्यावर सरकारचा हात गप्प बसणार नाही, नोटा छापल्या जाणार, खिशातल्या नोटेची किंमत उतरणार, हे दुपारपर्यंत चहावाल्यालाही कळलं होतं. जो तो सोनं घ्यायला धावला. आमच्या दुकानापुढे रांग लागली आणि भाव असा चढला की पाटीवर लिहायला खडू पुरेना.

आणि आमची तिजोरी भरलेली होती.

कारण आदल्या आठवड्यात ह्यांनी दुकानातली सगळी रोकड, बँकेतली ठेव आणि माझ्या डब्यातले मी लपवलेले पैसे, सगळं सोन्यात घातलं होतं. समोरच्या सराफाकडून घेतलं, घाऊक बाजारातून घेतलं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "अंदाज आहे." जो माणूस पाऊस पडत असताना छत्री घ्यायची की नाही यावर विचार करतो त्याला एकाएकी अंदाज! मला वाटलं, बाईचं प्रकरण आहे, हे सगळं घेऊन पळणार. मी त्यांच्या कोटाचा वासही घेतला. भट्टीचाच होता.

समोरच्या सराफाला मात्र वास लागला. ज्याने आठवड्यापूर्वी आपलं सोनं स्वस्तात आपल्या हाताने दिलं, तो कपाळावर हात मारून घेत सरळ बँकेत गेला. "ह्याची सख्खी बहीण तुमच्या सोन्याच्या खात्यात बसते," एवढंच त्याने सांगितलं. पुढचं सांगायची गरजच नव्हती.

बँकेने चौकशी लावली. ही बातमी आधीपासून माहीत असलेली पाच माणसं होती, आणि त्यातल्या चौघांना सोनार भाऊ नव्हता. ताईंना सक्तीच्या रजेवर पाठवलं. आयुष्यात ज्यांनी नवऱ्यालाही पगार सांगितला नव्हता, त्यांच्यावर बातमी फोडल्याचा आळ आला. त्याच दिवशी त्या आमच्या दुकानात आल्या.

"मी तुला काही सांगितलं होतं?" त्यांनी ह्यांना विचारलं.

"नाही."

"मग तुला कळलं कसं?"

"अंदाज."

"अंदाज! शुक्रवारी मी झोपल्यावर तू माझी बॅग उघडलीस."

"नाही, ताई."

"मग कसं ते सांग. तू सांगितलंस तर मी सुटेन."

ह्यांनी कानस हातात घेतली आणि एक अंगठी घासायला लागले. घासण्यासारखं त्या अंगठीत काही नव्हतं. ताईंनी काचेवर हात आपटला तो तेव्हा.

त्या गेल्यावर मी ह्यांना फैलावर घेतलं. मी रडले, ओरडले, दोन दिवस अबोला धरला. अबोल्याचा ह्यांच्यावर काय परिणाम होणार? त्यांना तर बरंच वाटलं असेल. आणि खोटं कशाला बोलू, त्या दोन दिवसांत मीही उशी उचलून पाहिली. बॅग काढायची म्हटली तर झोपलेल्या माणसाला कळेल का, याचा मीही हिशेब केला.

तिसऱ्या दिवशी जबाब द्यायला मला बोलावणं आलं.

बँकेच्या हॉलमध्ये बाकावर बसवून ठेवलं. समोर फळा. सोन्याच्या ओळीत नवे आकडे, ओळखू न येण्यासारखे लांबलचक. वेळ जाईना म्हणून मी नुसतीच बघत बसले होते. सोनाराच्या बायकोच्या डोळ्याला एक सवय असते. नवं पितळ कुठलं आणि हाताळलेलं कुठलं, ते न बघताही दिसतं. ओळीतली सगळ्यात डावीकडची खुंटी बाकीच्या खुंट्यांपेक्षा पिवळी होती.

फळ्याखाली स्टुलावर हॉलचा शिपाई बसला होता. मी सहज विचारलं, "ही खुंटी नवीन वाटतं?"

"हो ना. आकडा वाढला, मग टांगायचा कुठे?" तो म्हणाला. "पण मॅडम मोठ्या हुशार हो. आधीच बसवून घेतली. ऐन वेळी ठोकाठोक नको, भोक वाकडं पडलं तर जन्मभर वाकडंच दिसेल, म्हणाल्या. सुताराला बोलावून आठवडाभर आधीच काम उरकलं."

"कुठल्या मॅडम?"

"सोन्याच्या. तुमच्याच नात्यातल्या ना त्या? तुमचे मालकही होते की तेव्हा. मॅडम चष्मा विसरल्या होत्या तुमच्याकडे, तो द्यायला आले होते. सुतार शिडीवर, मी शिडी धरलेली, आणि ते मागे उभे. बराच वेळ बघत होते."

मी बाकाची कड धरली. गणित मला येतं. जी ओळ जन्मात हलली नाही, त्या ओळीत एका आकड्याची जागा वाढतेय. देशाचं सोनं एका रात्रीत दसपट होत नाही, म्हणजे वाढणार ती किंमत. वजन तेच ठेवून किंमत दसपट करायची तर पणजोबांचा भाव गेला आणि आजचा आला. ज्याने आयुष्यभर वजन आणि भाव याशिवाय दुसरं काही केलं नाही त्याला हे कळायला बॅग उघडावी लागत नाही. ताईंनी तोंड शिवून घेतलं, कागद कुलपात ठेवले, बॅग उशाखाली घेतली, आणि भर हॉलमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर, शिडी लावून सगळं सांगून टाकलं. का, तर खुंटी सरळ बसावी म्हणून!

मला हसू आलं, तेवढ्यात आतून माझं बोलावणं आलं.

दक्षता अधिकारी सभ्य होता. अशा सभ्य माणसांची मला भीती वाटते. त्याने मला पाणी दिलं.

"बाईंची बॅग तुमच्याकडे कुठे असते?"

"त्यांच्या उशाखाली."

"आणि त्या झोपल्यावर?"

"झोपल्यावर उशी कुठे जाते, साहेब?"

त्याने ते लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाला, "हे बघा, आम्हाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. बातमी बाईंच्या चुकीने बाहेर गेली असं दिसलं तर त्यांची नोकरी जाईल, पेन्शनही जाईल. नाहीच काही सापडलं, तर फाइल बंद होईल आणि त्या परत कामावर येतील. तुमच्या मिस्टरांना कसं कळलं, याबद्दल तुम्हाला काही माहीत आहे?"

दाराच्या फटीतून हॉल दिसत होता. हा माणूस रोज सकाळी त्या फळ्याखालून आत येत असणार. काखेत कळसा नि गावाला वळसा.

"त्यांना धंद्यातला अंदाज असतो," मी म्हणाले.

घरी आले ती चपला न काढता भट्टीशी गेले. "खुंटी," मी म्हणाले.

ह्यांनी फुंकणी खाली ठेवली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. पण तुम्ही ताईंना का नाही सांगत? त्या तुम्हाला चोर समजतायत!"

"मला वाटलं होतं सुताराने वरच्या कुणाच्या तरी हुकुमाने केलं असेल. मग शिपाई म्हणाला, मॅडमनी. तेव्हापासून गप्प आहे." ते थांबले. "तिला कळलं की ती काय करेल?"

मला उत्तर माहीत होतं. जी बाई दुकानदाराने चुकून जास्त दिलेलं नाणं परत द्यायला अर्ध्या रस्त्यातून मागे फिरते, ती काय करणार?

"सरळ जाऊन सांगेल," ते म्हणाले. "नोकरी जाईल. आता फाइल बंद होईल, ती परत कामाला लागेल. माझं काय, सोनाराला लोक तसंही चोरच म्हणतात. आईच्या दागिन्यातलंही काढतो म्हणतात."

"लोक म्हणू देत. बहीण म्हणतेय!"

"म्हणू दे. कामावर जायला लागली की विसरेल."

मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी वर जाऊन भांडी घासायला घेतली. पैसे आपण मिळवले, ते मी नाकारत नाही. पण चोरून नव्हे. चार लोकांना दिसेल अशा ठिकाणी, सगळ्यांच्या नाकासमोर होतं, ते ह्यांना दिसलं. याची शिक्षा म्हणून सख्ख्या बहिणीच्या शिव्या खायच्या आणि वर तिचंच पांघरूण व्हायचं? तरी मी तोंड मिटून ठेवलं. नोकरी ताईंची होती.

आठवड्याने ताई आपल्या वस्तू न्यायला आल्या. इथे असायचे ते त्यांचे कपडे, उशी, टूथब्रश. सगळं घडी घालून पिशवीत भरलं. ह्यांनी पिशवी उचलायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे."

दारात वळून त्या शांतपणे म्हणाल्या, "एक विचारायचं राहिलं. आई गेल्यावर तिच्या बांगड्या तू वितळवल्यास आणि आपण ते सोनं निम्मं निम्मं घेतलं. तेव्हा वजन मी पाहिलं नव्हतं. तू सांगितलंस ते मानलं. ते तरी खरं होतं का रे?"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. भट्टीपुढे बसणाऱ्या माणसाचा चेहरा पांढरा पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, पण आमचा सोनार हात बांधून उभा. मग मीच टोचले. "ताई," मी म्हणाले, "तुमच्या फळ्यावर नवी खुंटी कुणी बसवून घेतली? आणि कधी?"

"गप्प बस!" हे ओरडले.

मी गप्प बसले नाही. शिडी, सुतार, चष्मा, सगळं सांगितलं. ताई ऐकता ऐकता स्टुलावर बसल्या. त्यांनी वाद घातला नाही. बुद्धीने तल्लख बाई, अर्ध्यातच त्यांना पुढचं कळलं होतं. फक्त एकदा म्हणाल्या, "घाईत ठोकलं असतं तर तिरकी बसली असती." आणि मग ह्यांना विचारलं, "तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

ह्यांनी मान डोलावली.

ताई उठल्या, कोट घातला आणि पिशवी तिथेच ठेवून निघाल्या. कुठे, ते विचारायची गरज नव्हती. हे दारापर्यंत मागे गेले, "ताई, नको, ऐक" म्हणाले, पण त्या बाईने कधी कुणाचं ऐकलंय?

"झालं समाधान?" हे मला म्हणाले.

"झालं," मी म्हणाले. आणि खरंच झालं होतं. नोकरीपेक्षा भाऊ मोठा, असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं. निदान आता घरात कुणी कुणाला चोर म्हणणार नव्हतं.

ताई दिवे लागायच्या सुमाराला परत आल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्या मघाच्याच स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"सांगितलं," त्या म्हणाल्या. "सगळं सांगितलं. तो साहेब ऐकून हसला. म्हणाला, बाई, एका रिकाम्या खुंटीवरून देशाच्या सोन्याचा भाव ओळखणारा माणूस मी अजून पाहिला नाही. गोष्ट चांगली रचलीत."

"पण शिपाई?" मी म्हणाले. "त्याला विचारा म्हणावं!"

"विचारलं. माझ्यासमोर बोलावून विचारलं. त्याने कानावर हात ठेवले. नवा भाव जाहीर झाल्यानंतर खुंटी बसली, म्हणाला. सुतारही तेच म्हणाला. नोकरी सगळ्यांनाच हवी असते." ताईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि तो नेमका काचेच्या कोपऱ्याशी सरळ केला. "आता म्हणतात, मी भावाला वाचवायला खोटं बोलले. आणि ज्याअर्थी वाचवतेय त्याअर्थी आम्ही दोघे सामील होतो. उद्यापासून येऊ नका म्हणाले. पेन्शनचं नंतर कळवतील."

ह्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि बहिणीच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या घरात अशी पद्धत नाही, त्यामुळे तो हात जरा अवघडलेला दिसत होता. ताईंनी तो झटकला नाही. मला वाटलं, गेली नोकरी तर गेली. तिजोरीत आहे ते सगळ्यांना पुरेल.

मग ताईंनी मान वर केली.

"रागावू नकोस," त्या म्हणाल्या. "तो साहेब तासभर तेच तेच विचारत होता, म्हणून माझ्या डोक्यात बसलंय. एकदाच सांग, मग मी परत कधी विचारणार नाही. तू खुंटीच पाहिलीस ना रे? माझी बॅग नाही ना?"

शिपायाच्या तोंडून मी स्वतः ऐकलं होतं. शिडी कुणी धरली, सुतार काय करत होता, हे कुठे उभे होते, सगळं ऐकलं होतं आणि नवी खुंटी या डोळ्यांनी पाहिली होती. तरी प्रश्न कानावर पडला आणि माझी मान आपोआप वळली. हे काय उत्तर देतात ते ऐकायला मी त्यांच्या तोंडाकडे बघायला लागले.

ह्यांनी ताईंच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. पण ते ताईंकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.